‘कालचं’ नावाचं बटण

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझं बटण गेलं.

सकाळी दाढ काढायला गेलो होतो. अर्धं तोंड बधिर घेऊन बाराला घरी आलो, तर संगणकवाली येऊन गेलेली. माझी बायको शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची तेव्हाची तिची विद्यार्थिनी. हिला ‘बाई’ म्हणते, मला ‘काका’. "काका, प्रती ठेवणारा प्रोग्रॅम फार जुना झाला होता, नवा घातलाय," अशी चिठ्ठी ठेवली होती. म्हटलं, असेल. गालावर बर्फ लावून पडून राहिलो.

संध्याकाळी साडेसहाला ही खाली बागेत फिरायला गेली. मी नेहमीसारखा तिच्या खुर्चीत बसलो, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बाण नेला, आणि तिथे काहीच नाही. हिरवं गोल बटण असायचं तिथे. त्यावर ‘कालचं’ असं लिहिलेलं. रोज सकाळी आठला प्रोग्रॅम ही लिहितेय त्या पुस्तकाची एक प्रत काढून बाजूला ठेवायचा. दिवसभरात काही बिघडलं तर ते बटण एकदा दाबायचं, की पुस्तक पुन्हा सकाळी आठला होतं तसं. काही विचारणं नाही, पासवर्ड नाही. इतकी शहाणी वस्तू मी कारखान्यातसुद्धा पाहिली नव्हती.

आता तिथे एक निळी पट्टी आहे. ‘आता अधिक सुरक्षित’ म्हणते. दाबली तर पासवर्ड मागते. कसला पासवर्ड? मला कुणी दिलाय?

तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली. तक्रार असेल ती तारखेसह लिहून ठेवायची, ही तिथली सवय. म्हणून ही डायरी उघडली. दाढेचं दुखणं बरं, असं वाटतंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

झोप लागली नाही. आज हिने तीन पानं लिहिली आणि ती तशीच राहिली. मी काहीही करू शकलो नाही.

हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो. जुलैमध्ये हिच्या मेंदूत एक छोटी गुठळी झाली. हातपाय वाचले, पण शब्द सांडले. दवाखान्यात नर्सने पेला धरून विचारलं, "बाई, हे काय?" ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पाण्याचं घर." मग तिलाच कळलं की चुकलं, आणि ती रडली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तो चेहरा पुन्हा बघायला लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे. बाकी मला काही नको.

घरी आली, सावरली, आणि पुस्तकाला लागली. ‘गवतांची ओळख’. शाळा सोडल्यापासून डोक्यात होतं तिच्या. अकरा ऑगस्टला मी सहज वाचायला बसलो, तर एकच परिच्छेद अकरा वेळा लिहिलेला. एकाखाली एक, अकरा. ती खाली फिरत होती. वर येऊन बघेल आणि पुन्हा तसं रडेल, या धास्तीने मी ते हिरवं बटण दाबलं. सगळं सकाळसारखं झालं. तिला कळलंही नाही.

तेव्हापासून रोज. सगळं वाचायला वेळ नसतो, अर्धा तास मिळतो, म्हणून कारखान्याचाच नियम लावला. पाचातलं एक पान काढायचं, नीट वाचायचं. त्यात एक जरी खोट निघाली तर अख्खा लॉट परत. आम्ही बोल्टचं तेच करायचो. एक खराब पीस म्हणजे बाकीच्यांवरही भरवसा नाही. आणि प्रत्येक परत पाठवलेल्या दिवसाची नोंद मी एका वहीत करतो: तारीख, खोट असलेलं वाक्य, कारण. कारखान्यात तिला नापास वही म्हणत. कारखान्यात मला सगळे ‘गेज’, म्हणजे माप तपासायचं साधन, म्हणायचे, आणि ते नाव मी कमावलं होतं.

आजच्या पानांत काय आहे? तेच, बांबूचं. म्हणे बांबू हे गवत आहे. वीस-पंचवीस फूट वाढतं, शिड्या होतात त्याच्या, आणि गवत! हे असंच छापून आलं तर तिच्या जुन्या विद्यार्थिनी हसतील. तोंडावर नाही हसणार, मागे हसतील.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संगणकवालीला फोन केला. हिला ऐकू जाऊ नये म्हणून गॅलरीत उभा राहून.

"ते बटण परत आण," म्हटलं.

"काका, कंपनीनेच काढलं ते. फार तक्रारी होत्या. चुकून धक्का लागला तरी दिवसभराचं काम जायचं लोकांचं."

"आमचं नाही गेलं कधी."

"नक्की?"

हे ‘नक्की’ तिने कसल्या आवाजात विचारलं कोण जाणे. मी म्हटलं, "मला सवय आहे त्याची. पासवर्ड तरी सांग."

"पासवर्ड बाईंनी टाकलाय. त्यांनाच विचारा ना."

म्हणजे झालं. आता बायकोला जाऊन सांगू, की बाई गं, तुझ्याच पुस्तकाची किल्ली दे, मला त्यातलं काढायचंय?

मग म्हणाली, "काका, तुम्हाला कशाला लागतं ते बटण? संगणकावर बाईच बसतात ना?" मी म्हटलं दाढ दुखतेय, आणि फोन ठेवला. हल्लीच्या पोरींना प्रश्न फार.

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांकडे महिन्याची फेरी. मी हिची पर्स आणि फाइल घेऊन शेजारच्या खुर्चीत.

ही आज खुलून बोलली. "डॉक्टर, मंगळवारपासून माझं काम जागेवर सापडतंय. आदल्या दिवशी लिहिलेलं सकाळी असतं." एवढं सांगून हसली. किती महिन्यांनी दात दिसले तिचे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मागची हकीकत अशी. नोव्हेंबरपासून हिने धोशा लावला होता, की मी लिहिते आणि सकाळी ते नसतं. डॉक्टर मला विचारायचे, "खरंच लिहितात का त्या?" मी काय सांगणार? "बसतात, पण होत नाही फारसं," म्हणायचो. डॉक्टर म्हणाले, न केलेलं केल्यासारखं वाटणं हे एक लक्षण आहे. त्यावर गोळ्या सुरू झाल्या. आधी एक, मग दोन, जानेवारीत तीन. त्या गोळ्यांनी ती दुपारी दोन-दोन तास भिंतीकडे बघत बसते. पण तक्रार बंद झाली होती.

आज डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तीन गोळ्यांचा गुण आला म्हणायचा." मी मान हलवली. खरंच आला असेल. नाही तरी आठवडाभर टवटवीत दिसतेय. परवा फोनवर बहिणीशी पाऊण तास बोलली आणि एकदाही अडली नाही.

बाहेर आल्यावर माझ्या हातातून पर्स घेतली. एरवी मीच धरतो. म्हणाली, "राहू द्या, आज मी धरते."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हिच्या शब्दकोशात चिठ्ठ्या सापडल्या. मी ‘गुठळी’ कसं लिहितात ते बघायला उघडला होता. पानापानात बारक्या चिठ्ठ्या, तिच्या अक्षरात. ‘१८ डिसेंबर. चार पानं लिहिली. शेवटचा शब्द: परागकण.’ ‘१९ डिसेंबर. नाहीत.’ ‘१९ डिसेंबर. पुन्हा लिहिली. शेवटचा शब्द: वारा.’ ‘२० डिसेंबर. नाहीत. ते म्हणतात मी झोपले होते.’

अशा वीस-बावीस.

स्वतःवरचा विश्वास उडालेलं माणूस असं चिठ्ठ्या लिहीत बसतं. किती सोसलं असेल हिने एकटीने, आणि या चिठ्ठ्यांचं मला एका शब्दाने सांगितलं नाही. होत्या तशा ठेवून दिल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज हाताने केलं.

दहा-अकरा दिवस पानं साठत चालली आहेत. एकोणीस झाली. त्यात बांबू आहे, आणि आज तर पुन्हा लव्हाळ्याचीही भर. म्हणते लव्हाळा गवत नाही! बांबू गवत, आणि लव्हाळा नव्हे. उलटंपालटं झालंय डोक्यात सगळं. ते पुस्तक महिनाअखेर प्रकाशकाकडे जाणार. मी गप्प कसा बसू?

साडेसहाला ती खाली गेली. बसलो, शेवटची तीन पानं निवडली आणि काढून टाकली. बटणात कसं, एक टिचकी, आणि आपण काही केलं असं वाटतच नाही. इथे तिच्या ओळी काळ्या होऊन माझ्यासमोर गेल्या. एक ओळ डोळ्यांत राहिली, ‘गवताचं फूल वाऱ्यासाठी उघडतं, माशीसाठी नव्हे.’ गवताला कुठलं आलंय फूल. तरी वाक्य छान होतं.

नापास वहीत नोंद केली. क्रमांक १३२.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ती संगणकासमोर बसली. मी पेपर धरून. बराच वेळ काही वाजलं नाही. मग तिने तिकडे बघतच विचारलं, "अहो, काल मी काय लिहिलं?"

"काल? काल कुठे लिहिलंस? डोकं दुखत होतं ना तुझं."

"असं का?"

"हो. दुपारी पडली होतीस."

"बरं," म्हणाली. वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझ्या तोंडाला काही लागलंय का, असं बघतात तसं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून कुणाला तरी फोन लावला. दार लोटलेलं होतं, बोलणं कळलं नाही.

मला बरं वाटलं नाही दिवसभर. पण तिच्या भल्यासाठी थोडं खोटं बोललो तर बिघडलं कुठे?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जमेल तेवढं लिहितो.

चार वाजता संगणकवाली आली. हिने तिला चहा दिला, मला दिला, स्वतः घेतला. मग म्हणाली, "इन्स्पेक्टर, इकडे या. चष्मा आणा." लग्न झालं तेव्हा चेष्टेने मला इन्स्पेक्टर म्हणायची. खूप वर्षांनी ऐकलं.

पडद्यावर एक यादी होती. संगणकवाली खाली मान घालून म्हणाली, "काका, नवा प्रोग्रॅम सगळ्या नोंदी ठेवतो. जुनाही ठेवत होता, फक्त दाखवत नव्हता."

"वाचा," ही म्हणाली.

"काय वाचू?"

"आहे ते. मोठ्याने."

वाचलं. "अकरा ऑगस्ट, सहा चाळीस, आदली प्रत परत आणली. चौदा ऑगस्ट, सहा पस्तीस, आदली प्रत परत आणली. पंधरा ऑगस्ट." मी थांबलो की ती "पुढे" म्हणायची. ऑक्टोबरपर्यंत आलो तेव्हा संगणकवाली उठून गॅलरीत गेली. मी सगळ्या वाचल्या. एकशे एकतीस. सगळ्या साडेसहा ते सातच्या मधल्या. शेवटी वेगळ्या रंगात: चौदा फेब्रुवारी, सहा अडतीस, तीन पानं काढली.

ती चौदा तारखेची पानं नव्या प्रोग्रॅममध्ये राहिली होती. हिने रविवारीच परत आणली. म्हणजे मी ‘डोकं दुखत होतं’ म्हणालो, तेव्हा ती माझं तोंड का न्याहाळत होती, ते आता कळलं.

"नवा प्रोग्रॅम मी घालायला सांगितला," ती म्हणाली. "पोरीला म्हटलं, मला वेड लागतंय की कुणी खोडतंय, तेवढं कळू दे. वेड असलं तरी चालेल म्हटलं. कळू दे."

मी म्हणालो, "तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"मी डॉक्टरांसमोर बसून सांगत होते, मला वाटतं मी लिहिलंय आणि ते नाहीय, माझं डोकं ठिकाणावर नाही. आणि तुम्ही शेजारी बसला होतात. माझी पर्स धरून बसला होतात."

तिचा आवाज चढला नाही.

"त्या गोळ्या मी गिळल्या. तुमच्या हातून. तुम्ही पाणी आणून द्यायचात."

मी पुन्हा काही तरी म्हणालो. काय, ते आठवत नाही. तिने यादी बंद केली, संगणकवालीला हाक मारली, आणि दोघींनी मिळून टेबल, खुर्ची, संगणक मागच्या खोलीत नेला. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "नको."

२१ फेब्रुवारी, शनिवार

बोलली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

"मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. तुम्ही सांगायचं," एवढं बोलली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. आयुष्यात इतक्या लोकांचा माल नापास केला, त्यांच्या तोंडावर कारणं सांगितली. आज कळलं समोर उभं राहणाऱ्याचं काय होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हिच्याकडे वळून म्हणाले, "मी तुमचं ऐकायला हवं होतं." गोळ्या हळूहळू कमी करायच्या, एकदम नाही. तिने विचारलं, "डॉक्टर, माझं जे गेलंय, त्यातलं आजाराचं किती आणि गोळ्यांचं किती?"

"आता मलाही सांगता येणार नाही," ते म्हणाले. "काही परत येईल. किती, ते सांगत नाही."

रिक्षात ती त्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती, मी या बाजूच्या.

१ मार्च, रविवार

आज नापास वही घेऊन बसलो. पहिल्या पानापासून. सोबत हिच्या कपाटातलं वनस्पतिशास्त्राचं जाड पुस्तक. ते त्या कपाटात एकवीस वर्षं आहे. मी सहा महिने तपासणी करत होतो आणि एकदाही ते उघडलं नाही. कारखान्यात गेज न लावता कुणी पीस नापास केला असता तर मी त्याला घरी पाठवला असता.

बांबू हे गवत आहे.

लव्हाळा हे गवत नाही.

गवताला फुलं येतात.

एकेक नोंद ताडून पाहिली. एकशे बत्तीसपैकी खरोखर चुकलेल्या सव्वीस. त्यातल्या बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरच्या, म्हणजे गुठळीनंतरच्या. पुढे कमी होत गेल्यात. एकोणचाळीस ठिकाणी तिचं बरोबर होतं आणि मला माहीत नव्हतं. राहिल्या सदुसष्ट. त्यांच्यापुढे मी कारण लिहिलंय: ‘तेच वाक्य पुन्हा’. ‘तेच, सहाव्यांदा’. ‘तेच, अकराव्यांदा’. हेच धरून मी स्वतःला सांगत होतो की ती एकच गोष्ट परत परत लिहिते.

लिहिणारच. मी रोज पुसत होतो.

बांबूचं वाक्य चौदा वेळा आहे. ऑक्टोबरातलं असं: ‘बांबू हे गवतच आहे, बाकीची गवतं जिथे वाढायची थांबतात तिथे ते थांबत नाही, एवढाच फरक.’ डिसेंबरातलं: ‘बांबू हे गवतच आहे, ते थांबत नाही.’ तीन गोळ्या सुरू झाल्यावर, अठ्ठावीस जानेवारीचं: ‘बांबू गवत आहे.’

त्याच्यापुढे माझा शेरा: ‘सुधारणा नाही.’

वही मिटली. तिला सांगावं म्हणून मागच्या खोलीपर्यंत गेलो. दार लोटलेलं. आतून टक् टक् ऐकू येत होतं, एकेक अक्षर, थांबून थांबून. परत आलो.

५ मार्च, गुरुवार

आज तिचा दिवस वाईट गेला. सकाळपासून आत बसली होती, टक् टक् नाही. अकराला बाहेर आली आणि मला विचारलं, "ते... दाराला लावतात ते कुठेय?" किल्ली म्हणायचं होतं. मी दिली. तिने घेतली आणि किल्लीकडे पाहत तिथेच उभी राहिली. रडली नाही. मी ज्या चेहऱ्याला सात महिने भीत होतो, तो आलाच नाही. जो आला तो त्याहून वाईट होता, शांत.

प्रकाशकांना तिने फोन करून सांगितलं की उशीर होईल. किती, त्यांनी विचारलं असावं. "माहीत नाही," म्हणाली.

संगणकवाली आली होती. ऑगस्टपासूनची ती पानं कुठून तरी निघतात का, ते बघत दोन तास बसली. निघाली नाहीत. जुनं बटण आदली प्रत आणताना दिवसाची प्रत पुसून टाकायचं, कायमची. जाताना चपला घालत म्हणाली, "काका, तुम्ही वाईट नाही हो." मला तिच्याकडे बघवलं नाही.

९ मार्च, सोमवार

संध्याकाळी साडेसहा ते सात हा वेळ आता मला घरात काढवत नाही. आज खाली बागेत गेलो. मागच्या बाजूला नळ गळतो, तिथे ओल असते. तिथे लव्हाळा उगवलाय. लहानपणापासून बघतोय, उपटलाही असेल हजारदा. एक काडी खुडली आणि अंगठा आणि बोटात धरून फिरवली.

तीन कडा. स्पष्ट. एकतीस वर्षं मी या दोन बोटांनी बोल्टचे आटे तपासले, केसाएवढा फरक कळायचा मला. एक, दोन, तीन. मग शेजारचं साधं गवत घेतलं. गोल. पुन्हा लव्हाळा. तीन.

तिथेच ओल्या कठड्यावर बसलो आणि रडलो. माळी पाइप घेऊन आला होता, तो दुसरीकडे गेला.

वर आलो तर मागच्या खोलीचं दार उघडं. ती पडद्यासमोर बसलेली, माझ्याकडे पाठ. गेले सतरा दिवस ती माझ्याशी अडल्याशिवाय बोलली नव्हती. वळली नाही, पण म्हणाली, "अहो, ते असतं ना... ओलीत उगवतं. लोक त्याला गवत म्हणतात. काय नाव त्याचं?"

काडी माझ्या हातातच होती.

"लव्हाळा," म्हणालो.

"लव्हाळा." तिने टाइप केलं. एकेक अक्षर. मग थांबली. "ते गवत आहे की नाही? मला माहीत होतं हो. माझ्याच मागच्या पानांत बघितलं तर सापडेल, पण मला सांगायचं कसं ते माहीत होतं. माझं एक वाक्य होतं."

मी पुढच्या खोलीत गेलो आणि नापास वही घेऊन आलो. तिने या वहीबद्दल डॉक्टरांसमोर ऐकलं होतं, पाहिली नव्हती. दारातच उभा राहिलो, आत यायला तिने सांगितलं नव्हतं. सात नोव्हेंबरचं पान काढलं. कारणाच्या रकान्यावर अंगठा ठेवला आणि वाचलं.

"लव्हाळ्याला लोक गवत म्हणतात, पण ते गवत नव्हे. काडी बोटांत धरून फिरवून बघा. गवताची काडी गोल लागते. लव्हाळ्याला तीन कडा असतात, आणि डोळे मिटले तरी त्या मोजता येतात."

ती ऐकत होती. मान थोडी कलती करून, वर्गात एखादी मुलगी चांगलं उत्तर देत असताना ऐकायची तशी.

"छान आहे," म्हणाली. "हे कुणाचं?"

"तुझं."

ती माझ्याकडे वळली. माझ्या हातातली वही पाहिली, तिची जाडी पाहिली. मग तिने पुन्हा पडद्याकडे तोंड केलं आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.

"पहिल्यापासून सांगा," म्हणाली. "हळू सांगा."